त्या गाडीला पाणी देत नाहीत

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं की आमचे हे म्हणतात, शाईत बुडालेल्या मुंग्या कागदावरून चालत गेल्यात. रविवारच्या पुरवणीत लोकांचे असे अनुभव छापून येतात, ते मी वाचते. हे पाठवायचं धाडस माझ्याकडून होईल असं वाटत नाही, पण वाचणाऱ्या कोणाला तरी सांगतेय असं धरून लिहिते. तोंडाने सांगायला जमत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. कोणी काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही... हे आत्ताच सांगून ठेवते.

अमावस्या, उतारा, नजर यातलं मी काही मानत नव्हते. सासूबाई मानायच्या, मी नुसती मान हलवायचे. आजही कोणी भूत बघितलं म्हणून सांगायला लागलं तर मला कंटाळा येतो. मी भूत बघितलेलं नाही. मी एक गाडी बघितली.

आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत राहतो. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. आमचे हे ड्रायव्हर. सात रस्ता चौकापासून जवळच एका शेठचं मंगल कार्यालय होतं, तिथे गाडीवर होते. घरावर स्लॅब टाकायला ह्यांनी शेठकडून उचल घेतली होती, आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे गाडी चालवायची नाही असं बोलणं झालं होतं. शेठ माणूस वाईट नव्हता. मोठ्याने बोलायचा, मोठ्याने हसायचा, पगार वेळेवर द्यायचा.

तीन उन्हाळ्यांमागे शेठने कुठल्याशा लिलावात एक जुनी गाडी घेतली. परदेशी, काळी, लांबलचक. तिचं नाव मला लिहिता येणार नाही. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी एक मंत्री ती वापरायचे म्हणे. बॉनेटवर झेंड्याची बारीक काठी अजून होती. लढाईत वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे, तो रंगही तसाच होता. शेठने तो मुद्दाम काढला नाही. म्हणाला, ‘ओरिजिनल आहे, ह्याचेच पैसे आहेत.’ समोरून बघितलं की गाडी डोळे अर्धे मिटून आपल्याकडे बघतेय असं वाटायचं.

ती गाडी शेठने वरातीला द्यायला सुरुवात केली. झेंड्याच्या काठीला झेंडूची माळ, आणि मागच्या सीटवर साहेब लोकांच्या गाडीत असतो तसा पांढरा टॉवेल. तो टॉवेल मीच शिवून दिला. नवरदेव बसायचे, फोटो काढायचे, सगळे खूश. काहीच व्हायचं नाही. फक्त गाडी तापायची. जुनं इंजिन, त्यात सोलापूरचं ऊन. तापली की जिथे असेल तिथे बंद पडायची, आणि मग रेडिएटरला पाणी घातल्याशिवाय हलायची नाही.

एकदा हे केमकडची वरात पोचवून रिकामी गाडी घेऊन परत येत होते. एका वस्तीसमोर गाडी बंद पडली. वस्तीवरल्या माणसाने कळशीभर पाणी दिलं, वर आणखी एक कॅन भरून दिला. घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं ते एवढंच, की पाणी घातलं आणि मागचं डावं दार आपोआप उघडलं. ‘लॉक गेलंय जुनं. बघायला पायजे.’ पुढच्या वेळी तिकडे गेले तेव्हा हे तो कॅन परत द्यायला थांबले. तो माणूस ओट्यावर बसलेला, डोक्याचं मुंडण केलेलं. धाकटा भाऊ विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला होता. ज्या दिवशी पाणी दिलं, त्याच संध्याकाळी.

मग बार्शीकडे एका चहावालीने पाणी दिलं. नंतर त्या रस्त्याने गेले तर टपरी बंद, घराला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, तिचा दीर गेला, सगळे गावाला गेलेत. तेव्हाही दार उघडलं होतं म्हणे.

मी म्हटलं, ‘अहो, हे काय?’

हे म्हणाले, ‘लोकं मरत्यातच की. पेट्रोल पंपावर कितीदा पानी घातलं, तितं कोन मेलं?’

ते खरंच होतं. मीही तेच धरून चालले.

वैशाखात माझ्या भाचीचं लग्न दुधनीला होतं. ह्यांनी शेठला विचारलं, शेठ म्हणाला, ‘घेऊन जा, पेट्रोल तेवढं टाका.’ जाताना मी पहिल्यांदा त्या गाडीत बसले. पुढे, ह्यांच्या शेजारी. ह्यांनी गंमत केली, ‘मागं बस की मंत्रीणबाईसारखी.’ मी नको म्हटलं. मला नुसती लाज वाटली, दुसरं काही नाही.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. दुधनी सोडल्यावर थोड्या अंतरावर गाडी तापली आणि थांबली. दोन्ही बाजूंना मोकळं रान, आणि रस्त्याला लागून एकच घर. दारात लिंबाच्या सावलीत शेरडं बसलेली, आणि एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. हे बॉनेट उघडून उभे राहिले, मला म्हणाले, ‘जा, मागून आन बादलीभर.’

मी गेले. तिकडे म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणतात. म्हटलं, ‘अव्वा, थोडं पाणी पाहिजे होतं.’

‘दमलीस की गं. बस.’ तिने आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, वर वाटीत गूळ. मी प्यायले. मग म्हटलं, ‘गाडीला पण पाहिजे. तापलीय.’

तिने तोवर गाडीकडे नीट बघितलं नव्हतं. हात डोळ्यांवर धरून तिने बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या हातातला रिकामा तांब्या काढून घेतला आणि पदराखाली धरला.

‘तुला पाजते. ताक पायजे तर ताक देते. त्या गाडीला न्हाय.’

मला वाटलं पाण्याची टंचाई असेल. म्हटलं, ‘थोडंच द्या अव्वा, अर्धी बादली.’

‘हीर भरलीया माजी. पान्याचं न्हाय ते.’ ती खाली बसली. ‘ती बंद पडली न्हाय का दारात? तशीच पडायची. मी नवी नवरी हुते. मोटा दीर माजा लढाईला गेलेला. ही गाडी आली. ड्रायव्हर उतरला, म्हनाला, मावशी, गाडीला पानी द्या. सासूनं घागर भरून दिली. एवढी मोटी गाडी दारात आली म्हून लई खूश हुती की. पानी वतलं, आन मग मागचं दार उगडलं. मंत्री सायेब उतरला, हात जोडून.’

दीर गेल्याचा निरोप घेऊन तो आला होता. ते तिने वेगळं सांगायची गरज नव्हती.

शेंगा पुन्हा फोडायला घेत म्हणाली, ‘सायेबालाबी सांगवत नसंल. म्हून ड्रायव्हर आदी पानी मागायचा. ह्या भागात जितं जितं कोन लढाईला गेलेलं, तितं ही गाडी जायची. मग बायकांनी ठरवलं, पानीच द्यायचं न्हाय. पानी न्हाय दिलं तर सायेब उतरनार न्हाय. गाडी दिसली की घागरी पालथ्या घालून आत बसायच्या.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. सायेब शेवटी मानूसच हुता. न्हाय पानी दिलं तरी उतरायचा.’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आता सायेब न्हाय. नुसती गाडी हाय. तिला काय म्हाईत, लढाई सपली म्हून?’

मी परत गाडीकडे आले. ह्यांना सगळं सांगितलं. हे हसले. ‘म्हातारीला येक गिऱ्हाइक गावलीस तू.’ पण ते पुन्हा तिच्याकडे गेले नाहीत. आम्ही सावलीला बसून राहिलो. त्या वेळी गाडीच्या आतून करकर असा आवाज आला... सीटवर बसलेलं जड माणूस कंटाळून बूड हलवतं तसा. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रस्त्याकडे बघत होते. शेवटी एका मोटरसायकलवाल्याने दुधनीहून पाण्याच्या विकतच्या बाटल्या आणून दिल्या. त्या घातल्या, गाडी चालू झाली. दार उघडलं नाही.

त्या दिवसानंतर मी ह्यांच्या मागे लागले, ती गाडी सोडा. हे म्हणायचे, ‘आन उचल? तुज्या टॉवेलातनं फेडतीस?’ मग मी गप्प बसायचे. दुसरं मला येत नव्हतं. ह्यांनी मात्र डिक्कीत विकतच्या पाण्याचा एक कॅन ठेवायला सुरुवात केली. विकतचं पाणी कोणा घरचं नसतं.

मग तो दिवस आला. शाळांना सुट्टी लागलेली होती. आमचा मुलगा सचिन पुण्याला कंपनीत आहे, तो मोटरसायकलवर घरी यायला निघाला होता. टेंभुर्णीला चहाला थांबलोय, असा त्याचा फोन नुकताच येऊन गेला होता. त्याला वांग्याचं भरीत आवडतं म्हणून मी वांगी भाजायला ठेवली होती. तेवढ्यात गल्लीत तो हॉर्न ऐकू आला. मोठा रस्ता खोदलेला, म्हणून हे गाडी आमच्या गल्लीतून काढत होते. इतक्या दिवसांत गाडी गल्लीत कधी आलेली नव्हती. मी दारात आले, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती आमच्या उंबऱ्यासमोर येऊन थांबली. बॉनेटमधून वाफ निघाली.

हे उतरले. डिक्की उघडली, कॅन रिकामा होता. आदल्या वरातीत पोरांनी पिऊन संपवला होता. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत उभ्या. हे म्हणाले, ‘अगं, बादली आन.’

मी उभीच राहिले.

‘आन की गं. लोकं खोळंबलेत.’

‘न्हाय,’ मी म्हटलं.

‘काय न्हाय?’

‘पानी न्हाय.’

‘सकाळीच नळ आल्ता. टाकी भरलीया.’

‘असू दे. देत न्हाय.’

ह्यांचं तोंड उतरलं. त्यांना दुधनीची म्हातारी आठवली असणार, पण चार माणसांसमोर ते कसं बोलणार? रिक्षावाला म्हणाला, ‘क्या मामा, घर में पानी भी नहीं मिलता क्या?’ गल्ली हसली. मी कधी ह्यांना चार लोकांत उलटून बोलले नव्हते.  डोक्यात एकच... सचिन आत्ता रस्त्यावर आहे.

आमच्या समोर पद्मक्का राहतात. तेलुगू आहेत, यंत्रमागावर सगळं घर काम करतं. मनाने फार मोठी बाई. त्या बादली घेऊनच बाहेर आल्या. ‘मी देते की भाऊ. काय गं सुमन, नवऱ्याला पाण्याला पण रांगेत उभा करतीस?’

त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती. नववा महिना. ती आईच्या मागे दारात हात टेकून उभी होती, हसत.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. लोकांनी सांगितलं म्हणून सांगते. मी धावत गेले, पद्मक्कांच्या हातातली बादली ओढली आणि सगळं पाणी गटारात ओतलं. आमच्याकडे रोज पाणी येत नाही. भरलेली बादली गटारात ओतणं म्हणजे काय, ते सोलापूरच्या बाईला विचारा. आणि मी ओरडले. ‘ह्या गाडीला ह्या गल्लीतलं कोनी पानी द्यायचं न्हाय.’ माझा एवढा आवाज आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

पद्मक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलीला आत घेतलं आणि दार लावलं.

ह्यांनी शेठला फोन केला. शेठ दुसऱ्या गाडीने आला. त्या गाडीतून त्याने पाण्याचा मोठा जार उतरवला. मला हायसं वाटलं, विकतचा असेल. तरी विचारलं, पदर दातात धरून, पण विचारलं. ‘शेठ, कुठलं पाणी हे?’

‘घरचं आहे वहिनी, फिल्टरचं. तुमच्या गल्लीत पाण्याला बंदी आहे असं कळलं.’

‘घरचं नका घालू शेठ. पाया पडते. दुकानातून आणा.’

शेठ खो खो हसला. ह्यांना म्हणाला, ‘अरे, तुझ्या उचलीचा मी कधी तगादा लावला नाही, आणि बायको तुझी पाणीसुद्धा हिशोबात धरते.’ मग मला म्हणाला, जरा मऊ आवाजात, ‘वहिनी, गाडी माझी आहे. माझ्या गाडीला माझ्या घरचं पाणी. त्यात काय वाईट?’

ह्यांनी एवढंच म्हटलं, ‘शेठ, थांबूया जरा. आपोआप गार हुईल.’ पण शेठने स्वतः जार उचलला आणि ओतला.

गटागट आवाज आला. फार दिवसांचा तहानलेला पितो तसा. मी आयुष्यभर रेडिएटरला पाणी घालताना बघत आले, तो आवाज तसा नसतो. सगळा जार गेला, एक थेंब बाहेर सांडला नाही. आणि मागचं डावं दार खट् करून उघडलं. हळूच, पुरतं. आतून कोणी पाय बाहेर टाकायला जितकं उघडेल तितकं. मी शिवलेला पांढरा टॉवेल मला दिसला. सीटवर कोणी बसलेलं नव्हतं. पण टॉवेल मध्ये दबलेला होता, आणि माझ्या बघता बघता हळूहळू वर आला... उठून गेलेल्या माणसाची जागा वर येते तसा.

शेठने बघितलं का, माहीत नाही. तो म्हणाला, ‘ह्याचं लॉक बदला उद्या.’ आणि त्याच दाराने आत जाऊन त्याच जागी बसला. हे गाडी घेऊन गेले.

मी गॅस बंद केला. वांगी जळून कोळसा झाली होती. देवापुढे बसले, पण काय मागायचं ते सुचेना. दिवेलागणीला मोटरसायकलचा आवाज आला आणि सचिन दारात उभा. म्हणाला, ‘आई, जळका वास कसला?’ मी त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिले. तो लाजला, हात बाजूला केला.

हे उशिराने आले. बूट न काढता ओट्यावरच बसले. म्हणाले, ‘शेठ गेले.’

कार्यालयापुढे गाडी थांबली, शेठ उतरले, पायऱ्या चढले, आणि वरच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हार्ट म्हणून सांगितलं. शेठना शुगर होती, वजन होतं, ऊन तर असं की डांबर पाघळत होतं. डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. केमकडच्या त्या माणसाचा भाऊही मोटारीला चिकटला होता, त्याला गाडीने ढकललं नव्हतं. प्रत्येकाचं काहीतरी कारण आहेच. कारणं सगळी आहेत, आणि तरी मला काही कळलेलं नाही. गाडी मरण आणायची, की नुसतं सांगायला यायची? मी बादली ओतली नसती तर शेठ जगले असते का? मग कोण गेलं असतं? हे प्रश्न मी कोणाला विचारू... विचारले तर कोण काय सांगणार.

पद्मक्का बरेच दिवस बोलल्या नाहीत. मग मुलगी बाळंत झाली, नात झाली. बारशाला त्या स्वतः बोलवायला आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘बादली फुटली होती माझी त्या दिवशी.’ मी म्हटलं, ‘नवी आणून देते.’ त्या म्हणाल्या, ‘नको. चल जेवायला.’ एवढंच.

ह्यांनी दुसऱ्या दिवसापासून ती गाडी सोडली. शेठच्या बायकोने, वहिनींनी, अडवलं नाही. पण उचल होती ती होतीच. हे भाड्याची रिक्षा चालवायला लागले, मी टॉवेलचं काम वाढवलं, सचिन पुण्याहून पाठवायचा. दर महिन्याला हे जाऊन देऊन यायचे. कधी थोडे, कधी बरे. गेल्या आठवड्यात शेवटचे पैसे द्यायचे राहिले होते, तेव्हा हे म्हणाले, ‘चल तूबी.’

शेठचं घर कार्यालयाच्या मागेच. सकाळची वेळ होती. वहिनींनी आत बसवलं. पैसे घेऊन न मोजताच देवापुढे ठेवले. मग आत जाऊन ट्रेमध्ये पाणी आणलं. माझा हात क्षणभर अडला. त्यांनी ते बघितलं. म्हणाल्या, ‘घ्या. ते जारमधलं पाणी मीच भरून दिलं होतं त्यांना, त्या दिवशी. घाईत होते.’ मी ग्लास घेतला आणि सगळं पाणी प्यायले. दुसरं काही मला करता आलं नसतं.

निघताना गाडी दिसली. कंपाउंडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. विकायला काढलीय, म्हणाल्या, गिऱ्हाईक येतं, बघतं, जातं. तेव्हापासून तिला चालू केलेलं नाही, कोणी पाण्याचा थेंब घातलेला नाही. ताडपत्री एका बाजूने वर सरकली होती आणि एक दिवा दिसत होता, अर्धा काळा. त्याच्या खाली फरशी ओली होती. पाण्याची बारीक धार तिथून निघून फाटकापर्यंत गेली होती, आणि फाटकाखालून बाहेर, रस्त्याकडे.

आम्ही दोघांनी ती धार ओलांडली, पाय न लावता. रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले, ‘फिटलं सगळं.’

मी म्हटलं, ‘व्हय. फिटलं.’